बाझलची गोळी, महालक्ष्मीची हरकत

१९९८ हे साल कोकणी माणसाच्या लक्षात आहे ते कोकण रेल्वेसाठी. त्या वर्षी २६ जानेवारीला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा लोहमार्ग सलग सुरू झाला. तोवर सावंतवाडी तालुक्याच्या पार टोकाला, तेरेखोल नदीच्या काठी वसलेल्या आरोंद्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घेण्यावाचून गत्यंतर नसे. आता मडुऱ्याला नाहीतर सावंतवाडीला गाडी पकडली की झालं.

त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. तळकोकणात त्यांची खबर असण्याचं कुणालाच कारण नव्हतं. जूनमध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला एका नव्या औषधाची पहिली मात्रा मिळाली. आणि १७ जुलैला, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या नोव्हार्टिस कंपनीने त्याच औषधाच्या एका विशिष्ट रूपासाठी चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज टाकला. औषधाला मान्यता मिळायला तीन वर्षं लागली. अर्जाचा शेवटचा निकाल लागायला पंधरा.

आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर मंडळी त्याला नुसतं 'सीएमएल' म्हणतात आणि आपण सरसकट 'ब्लड कॅन्सर'. हा आजार येतो तो चोरपावलांनी. जेवण जात नाही, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, डाव्या बरगडीखाली काहीतरी जड लागतं. ती वाढलेली प्लीहा असते. वजन उतरतं, रात्री घाम फुटतो. कित्येकदा तर दुसऱ्याच कशासाठी रक्त तपासलं जातं आणि पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून लॅबवाला पुन्हा मोजतो. चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असायला हवा तो आकडा लाख, दोन लाख झालेला असतो. युरोप-अमेरिकेत हा आजार साधारणपणे साठीच्या आसपासच्या माणसांना गाठतो. आपल्याकडे चाळिशीच्या अलीकडेपलीकडे, म्हणजे घरात मुलं शिकत असताना आणि कर्ता माणूस कमावता असताना. तीन ते पाच वर्षं तो दबा धरून बसल्यासारखा असे आणि मग एकाएकी उसळे. त्यानंतर उरायचे ते काही महिने.

१८४५ साली एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्को या दोघांनी अशा रुग्णांची नोंद केली. त्यानंतरची शंभरेक वर्षं वैद्यक जवळजवळ हात बांधून उभं होतं. १८६५ साली सोमलाचा द्राव देऊन पाहिला गेला. पुढे प्लीहेवर क्ष-किरण सोडले गेले. १९५०च्या दशकात बुसल्फान आलं, मग हायड्रॉक्सियुरिया. यांनी आकडा खाली यायचा, पण आजार जायचा नाही. १९८०च्या दशकात इंटरफेरॉनची इंजेक्शनं आली. त्यांनी काहींचं आयुष्य वाढलं, पण तापाने आणि अंगदुखीने माणूस बेजार व्हायचा. खरा इलाज एकच होता, अस्थिमज्जा बदलण्याचा. तो भारतात पहिल्यांदा यशस्वी झाला १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. तो करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करत. पण त्यासाठी जुळणारा भाऊ किंवा बहीण हवी, पैसा हवा आणि नशीबही हवं.

टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं ते गिरणगावाच्या ऐन वस्तीत. कोकणाचं आणि या रुग्णालयाचं नातं तिथून सुरू होतं. तिथली प्रयोगशाळा उभी केली डॉ. व. रा. खानोलकर यांनी. आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीची आठवण देणारं. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोमंतकीय शल्यविशारदाचं. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावागावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. गिरणीतला चाकरमानी पाळीपाळीने तिथे पथारी टाके, आणि गावाकडून टाटाला कुणाला आणलं की तोही तिथेच टेके. ज्याला तशी ओळख नाही त्याने दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा गाठायची. आरोंद्याच्या माणसाचं पहिलं दार मात्र मुंबई नव्हे, बांबोळी. नदीपलीकडे पेडणे तालुका, म्हणजे गोवा. आरोंदा-किरणपाणी पूल झाल्यावर तर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय अधिकच जवळ आलं. जिल्ह्याचं ठिकाण ओरोस असलं तरी दुखणं जड झालं की 'बांबोळीक व्हरूया' हेच तोंडात येतं. तिथून पुढे 'टाटाला न्या' असं सांगितलं गेलं, की घरच्यांना कळायचं ते कळत असे.

सीएमएलची ही कोंडी फुटायला सुरुवात झाली ती एका नळाच्या पाण्याने. १९५०च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात पीटर नॉवेल नावाचा तरुण डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी काचपट्टीवर तपासत होता. त्याने पट्ट्या साध्या नळाच्या पाण्याखाली धुतल्या. त्या पाण्याने पेशी फुगल्या आणि एरवी गुंतून पडणारी गुणसूत्रं सुटी सुटी दिसू लागली. गुणसूत्रांवर प्रबंधाचं काम करणारा डेव्हिड हंगरफोर्ड त्याच्या जोडीला आला. सीएमएलच्या रुग्णांत एक गुणसूत्र वाजवीपेक्षा बुटकं असल्याचं दोघांनी १९६० साली जाहीर केलं. बुटकं का, ते सांगितलं शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी. १९७२ साली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून त्या जोड्या लावत बसल्या होत्या. आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळते म्हणून मुलं चिडवत. नऊ क्रमांकाच्या आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या शेपट्यांची अदलाबदल झाली आहे, हे त्यांनी हेरलं आणि १९७३ साली प्रसिद्ध केलं. या अदलाबदलीतून एक जोडजनुक तयार होतं. त्याचं प्रथिन पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम सतत देत राहतं. हुकूम देणारा एकच असेल, तर त्याचंच तोंड बंद करता येईल का?

बाझलच्या सिबा-गायगी कंपनीत ॲलेक्स मॅटर आणि निकोलस लायडन यांचा गट अशाच रेणूंच्या मागे होता. रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमन यांनी एकामागून एक रेणू घडवले. १९९३ साली पोर्टलंडच्या ब्रायन ड्रकर या डॉक्टरने ते मागवून घेतले आणि सीएमएलच्या पेशींवर टाकून पाहिले. त्यांतल्या एकाने रोगट पेशी मारल्या आणि निरोगी पेशींना जवळजवळ धक्काही लावला नाही. तो रेणू म्हणजे इमॅटिनिब. मात्र कंपनीला उत्साह नव्हता. या आजाराचे रुग्ण थोडे, मग विक्री ती किती होणार? १९९६ साली सिबा-गायगी आणि सँडोझ एकत्र होऊन नोव्हार्टिस जन्माला आली, त्या धांदलीतही वेळ गेला. ड्रकरने हट्ट सोडला नाही म्हणून १९९८च्या जूनमध्ये चाचणी सुरू झाली. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्ताचे आकडे पूर्ववत झाले. कर्करोगाच्या औषधांत असा निकाल कुणी पाहिला नव्हता. औषध पुरेसं बनवा, म्हणून रुग्णांनीच कंपनीच्या प्रमुखाकडे सह्यांचा अर्ज पाठवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १० मे २००१ रोजी मान्यता दिली आणि त्याच महिन्यात ही गोळी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली.

रोज एक गोळी, बहुतेकांना ४०० मिलिग्रॅमची, जेवणासोबत भरपूर पाणी पिऊन घ्यायची. डोळ्यांभोवती सूज येते, पिंडऱ्यांत गोळे येतात, सुरुवातीला मळमळतं. एवढं सोसलं की माणूस कामाला जाऊ शकतो. पण ती रोज घ्यावी लागते, आणि बहुतेकांना कायमची. इथेच किमतीचा प्रश्न आला.

नोव्हार्टिसने 'ग्लिव्हेक' नावाने आणलेल्या या गोळीची भारतातली किंमत महिन्याला साधारण १ लाख २० हजार रुपये होती. म्हणजे दिवसाला चार हजार. काजूची बाग आणि थोडी भातशेती असलेल्या घराने हे पैसे आणायचे कुठून? कंपनी म्हणे, आम्ही गरिबांना फुकट देतो. ते खोटं नव्हतं. २००२पासून मॅक्स फाउंडेशनच्या मदतीने तिची मोफत योजना भारतात सुरू झाली. पुढे कंपनीने जाहीर केलं, की देशात ग्लिव्हेक घेणाऱ्या सुमारे १६ हजार रुग्णांपैकी ९५ टक्के ती विनामूल्य घेतात. त्या योजनेने जगलेली माणसं खरी आहेत आणि त्यांची कृतज्ञताही खरी. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, हेही तितकंच खरं.

दरम्यान हैदराबादच्या नॅट्को कंपनीने २००३ साली हेच औषध 'वीनॅट' नावाने बाजारात आणलं. महिन्याचा खर्च आठ ते दहा हजार. सिप्ला, रॅनबॅक्सी, हेटेरो यांनीही ते आणलं. हे शक्य झालं ते १९७०च्या पेटंट कायद्यामुळे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालावर तो बेतलेला होता. औषध या वस्तूवर पेटंट नाही, ते बनवण्याच्या कृतीवर मिळेल, तेही थोड्या वर्षांपुरतं, असं त्याचं सूत्र होतं. दुसऱ्या कृतीने तेच औषध करायला कुणालाही मोकळीक. भारताचा औषधधंदा या एका तरतुदीवर उभा राहिला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर ही मोकळीक जायची होती. मुदत होती २००५पर्यंत. तोवर आलेले अर्ज पेटीत बंद ठेवायचे आणि मधल्या काळापुरता विक्रीचा एकाधिकार देता येईल, अशी व्यवस्था होती. नोव्हार्टिसला तो एकाधिकार नोव्हेंबर २००३मध्ये मिळाला. २००४च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना मनाई केली. ज्यांची गोळी त्या कंपन्यांची होती त्यांच्या घरी काय झालं असेल, त्याची कल्पना करता येते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशाच मागणीवर मुंबई उच्च न्यायालयाने मात्र मनाई द्यायला नकार दिला. एकच औषध, एकच कायदा आणि दोन न्यायालयांचे दोन कल.

या भांडणात कंपन्या एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या, त्यात नवल नाही. नवल होतं ते मुंबईच्या महालक्ष्मी भागातल्या एका संस्थेचं. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था वाय. के. सप्रू यांनी १९६९ साली मुंबईत सुरू केली. रुग्णांना औषधं, जेवण, कृत्रिम अवयव, तपासणी शिबिरं, असं तिचं काम. पेटंटशी तिचा काय संबंध? पण कंपनीची मोफत योजना सगळ्यांपर्यंत पोचत नाही आणि स्वस्त गोळीवर बंदी येते आहे, हे रोज रुग्ण पाहणाऱ्यांना आधी दिसलं. लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर यांना वकील म्हणून घेऊन संस्था आधी एकाधिकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. मग २००५ साली अर्जांची पेटी उघडली तेव्हा तिने चेन्नईला पेटंट देण्याआधीच हरकत नोंदवली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं पाऊल हेच. धंद्यासाठी लढणाऱ्या कंपन्या कधीही तडजोड करू शकल्या असत्या. रुग्णांच्या संस्थेला तडजोडीत काहीच मिळणार नव्हतं.

हरकतीला दात होते ते कलम ३(ड)चे. २००५च्या मार्चमध्ये पेटंट कायदा बदलताना डाव्या पक्षांनी सरकारला अडवून धरलं होतं, आणि त्या ओढाताणीत हे कलम पक्कं झालं. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप काढलं म्हणून पेटंट मिळणार नाही. त्या रूपाने औषधाचा गुण लक्षणीय वाढतो हे दाखवावं लागेल, असं ते सांगतं. मुदत संपत आली की जुन्या औषधात किरकोळ फेरफार करून पेटंट आणखी वीस वर्षं लांबवायचं, या कंपन्यांच्या जुन्या सवयीला हा पायबंद होता.

नोव्हार्टिसचा चेन्नईतला अर्ज मूळ इमॅटिनिबसाठी नव्हताच. त्या रेणूचं झिमरमन यांच्या नावचं पेटंट १९९३चं, म्हणजे भारत १९९५ साली व्यापार संघटनेत जाण्याआधीचं. अर्ज होता इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या 'बीटा' स्फटिकासाठी. साखर आणि खडीसाखर यांत जेवढा फरक, तसला हा मामला आहे, असं विरोधकांचं म्हणणं होतं. कंपनी म्हणे, आमचा स्फटिक स्थिर आहे आणि मूळ पदार्थापेक्षा ३० टक्के अधिक रक्तात उतरतो.

सहायक नियंत्रक व्ही. रंगसामी यांनी २५ जानेवारी २००६ रोजी अर्ज फेटाळला. नोव्हार्टिसने कलम ३(ड)लाच घटनाबाह्य म्हणून आव्हान दिलं. जगभर ओरड झाली. खटला मागे घ्या, असं सांगणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या पत्रकावर चार लाखांहून अधिक सह्या पडल्या. मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००७मध्ये आव्हान फेटाळलं. २००९च्या जूनमध्ये अपील मंडळानेही पेटंट नाकारलं आणि महिना १ लाख २० हजारांच्या किमतीवर बोट ठेवलं. मग प्रकरण दिल्लीला.

सर्वोच्च न्यायालयाचा ११२ पानी निकाल १ एप्रिल २०१३ रोजी आला. खंडपीठावर न्या. आफताब आलम आणि आधी मुंबई उच्च न्यायालयात असलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई. निकालाचं लिखाण आलम यांचं. कायद्याच्या निकालात एरवी कंटाळवाणा भाग पुष्कळ असतो, पण यातली काही पानं रहस्यकथेसारखी वाचता येतात. इमॅटिनिब मेसिलेट जुन्या पेटंटमध्ये आलेलंच नव्हतं, असा कंपनीचा दावा होता. न्यायालयाने कंपनीचीच कागदपत्रं तिच्यासमोर ठेवली. अमेरिकेत ग्लिव्हेकला मान्यता मागताना झिमरमनच्याच पेटंटचा हवाला दिलेला. २००४ साली नॅट्को ब्रिटनमध्ये वीनॅट विकत होती, तेव्हा तिला पाठवलेली कायदेशीर नोटीसही त्याच पेटंटच्या जोरावर. ग्लिव्हेकच्या वेष्टनावर तरी काय लिहिलंय? इमॅटिनिब मेसिलेट. बीटा स्फटिकाचा पत्ताच नाही. म्हणजे परदेशात जे आपलं जुनं म्हणून राखायचं, तेच भारतात नवं म्हणून मागायचं! हा दुटप्पीपणा न्यायालयाने सौम्य भाषेत, पण नेमका पकडला. उरला गुणाचा प्रश्न. औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याची ताकद. औषध रक्तात ३० टक्के जास्त उतरलं म्हणून रोगावर त्याचा परिणाम वाढतोच असं नाही, तो पुराव्याने दाखवावा लागेल. तो पुरावा नव्हता. अपील फेटाळलं, खर्चासह.

भारतात संशोधनावर पैसा घालताना आता दहादा विचार करावा लागेल, असं नोव्हार्टिसने जाहीर केलं. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. गुणाची व्याख्या इतकी कडक ठेवली तर घ्यायला सोपं, टिकायला चांगलं असं रूप शोधणाऱ्याच्या हाती काय पडणार, हा प्रश्न रास्त आहे. पण या औषधाच्या बाबतीत तो फार ताणू नये. रोगाचं मूळ शोधलं ते विद्यापीठांतल्या माणसांनी, रेणूचा पाठपुरावा केला तो विद्यापीठातल्या डॉक्टरने. आणि निकालाच्या त्याच महिन्यात सीएमएलच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी 'ब्लड' या वैद्यकीय नियतकालिकात किमतींविरुद्ध एकत्र लेख लिहिला, त्यात ड्रकरही होते. अमेरिकेत हीच गोळी २००१ साली वर्षाला ३० हजार डॉलरला होती, ती २०१२पर्यंत ९२ हजारांवर गेली होती. शोध तोच, कारखाना तोच. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने इमॅटिनिबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

आज सीएमएलचा जो रुग्ण नेमाने गोळी घेतो त्याचं आयुष्य इतरांच्या आयुष्याइतकंच लांब असू शकतं. काहींची तर गोळी थांबवताही येते. फ्रान्समधल्या अभ्यासाने २०१०मध्ये ते दाखवलं, पण वर्षानुवर्षं रोगाचा मागमूस नसेल तरच आणि जनुकाची तपासणी सतत होत असेल तरच. मनाने गोळी सोडणाऱ्याला हा आजार माफ करत नाही. आणि आरोंद्यासारख्या गावात आता अडतं ते गोळीपेक्षा तपासणीवर. त्यासाठी पुन्हा बांबोळी नाहीतर परळ. गोवा सरकारने २०१८च्या जानेवारीपासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे लोक रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे. गोळीच्या किमतीचा प्रश्न दिल्लीत सुटला. नदीच्या अलीकडे चांगलं रुग्णालय का नाही, हा प्रश्न दिल्लीने सोडवायचा नव्हता.

अमेरिकेतल्या पेटंटची मुदत संपल्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी तिथल्या दुकानांत इमॅटिनिबची पहिली स्वस्त पर्यायी गोळी आली. ती होती मुंबईच्या सन फार्मा कंपनीची.